मळ्यातल्या घरासाठी वाटेवरची घंटा : यंत्र निवडताना काय पाहावे?

गावठाणातील जागा अपुरी पडू लागली, की घर आणि धंदा दोन्ही हळूहळू मळ्याकडे सरकतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आपल्या कितीतरी व्यापारी आणि कारागीर बांधवांचे असेच झाले आहे. कुणाची शेळ्या-बोकडांची शेड गावाबाहेर आहे, कुणाचे फळांचे गोदाम, कुणाचे वेल्डिंगचे वर्कशॉप. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांसाठी दीर्घकाळ वाळवून ठेवलेले लाकूड आणि मोठे भोपळे हीसुद्धा कारागिराची ठेवच असते. असा माल बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येत नाही.

मळ्यातील घराची अडचण निराळी आहे. बाजाराच्या दिवशी घरधनी पहाटे निघतो तो रात्री उशिरा परततो. घरी बायका, मुले आणि वडीलधारी माणसे असतात. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंतची वाट शंभर-दोनशे मीटरची, दोन्ही बाजूंना ऊस. गाडी थेट दारात येऊन उभी राहीपर्यंत कोण आले ते कळत नाही. बकरी ईदच्या आधीचे दोन-तीन आठवडे तर काही बांधवांचे वर्षाचे भांडवल एका गोठ्यात बांधलेले असते. कुत्रा हा जुना आणि चांगला राखणदार खरा, पण तो कोल्ह्यावरही भुंकतो आणि शेजाऱ्यावरही.

अशा घरांसाठी वाटेवर बसवायचे आणि घरात घंटा वाजवणारे यंत्र आता सहज मिळते. त्याचे दोन भाग असतात. एक सेन्सर, जो वाटेवर राहतो; आणि दुसरी घंटेची पेटी, जी घरात राहते. मात्र दुकानात जाऊन ‘चांगले द्या’ असे म्हणून ते घेण्यासारखे नाही. चुकीचे यंत्र रात्रीतून वीस वेळा वाजते. चार रात्री घरातील माणसे उठतात, पाचव्या रात्री कुणीतरी बटण बंद करते आणि पुढे ते बंदच राहते. बंद घंटा ही घंटा नसण्यापेक्षा वाईट, कारण राखण आहे असे आपण समजून चालतो. म्हणून खोटी घंटा कमीत कमी वाजेल असे यंत्र निवडणे, हीच या खरेदीतील खरी गोष्ट आहे.

आधी वाट तपासा

पैसे खर्च करण्यापूर्वी एक वही घ्या आणि तीन-चार दिवस आपल्या वाटेवरून कोण जाते ते लिहून काढा. वाट आपली एकट्याची आहे की चार वस्त्यांची? रात्री पाणी पाजायला जाणारे शेजारी तिथून जातात का? काही भागांत शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते, तेव्हा रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन चालणारा माणूस चोर नसतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर धावतात. जनावरे कुठून जातात, मोकाट कुत्री किती आहेत, हेही पाहा.

त्यानंतर ठरवा की आपल्याला चाहूल कुणाची हवी. फक्त गाडीची? पायी येणाऱ्या माणसाचीही? या एका उत्तरावर पुढची निवड अवलंबून आहे.

चार प्रकार

पहिला प्रकार उष्णता ओळखणाऱ्या सेन्सरचा. दुकानदार त्याला पीआयआर म्हणतात. माणूस, जनावर किंवा गाडीचे तापलेले इंजिन समोरून सरकले, की त्याच्या उष्णतेतील फरक तो टिपतो. तो स्वस्त आहे, बसवायला सोपा आहे आणि बाजारात सर्वांत जास्त तोच मिळतो. पण त्याला माणूस आणि बोकड यांतील फरक कळत नाही. शिवाय भोवतालची हवाच अंगाइतकी तापली, की तो मंदावतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये भर दुपारी पारा चाळीसच्या आसपास जातो. अशा वेळी माणूस जवळून गेला तरी तो गप्प राहू शकतो, आणि उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले तर उगाच वाजू शकतो. रात्री हवा उतरल्यावर तो पुन्हा नीट चालतो. बोकडांच्या व्यापाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. म्हणजे येती काही वर्षे ईदपूर्वीची राखण ऐन उन्हाळ्यातच करावी लागणार आहे. दुपारच्या राखणीसाठी केवळ या सेन्सरवर विसंबू नये.

दुसरा प्रकार लोखंड ओळखणाऱ्या सेन्सरचा. ही एक नळीसारखी कांडी असते. ती वाटेच्या कडेला जमिनीत पुरतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात गाडीच्या लोखंडामुळे जो फरक पडतो, तो ती ओळखते. माणूस, कुत्रे, शेळी, पाऊस, वारा, उडणारा पाचोळा यांपैकी कशानेही ती वाजत नाही. खोटी घंटा सर्वांत कमी वाजते ती याच प्रकारात. पण तिची पोच तीन-चार मीटरचीच, म्हणून ती अरुंद वाटेलाच योग्य. पायी येणारा माणूस तिला दिसत नाही आणि सायकल बहुधा सुटते. मात्र चाकाला लोखंडी धाव असलेली बैलगाडी ती ओळखू शकते. बोकड, बेदाणा किंवा यंत्रसामग्री चोरायला येणारा बहुतेक वेळा टेम्पो घेऊनच येतो, कारण माल डोक्यावर नेता येत नाही. ज्यांच्या वाटेवर जनावरांची वर्दळ आहे, त्यांनी आधी याच प्रकाराचा विचार करावा.

तिसरा प्रकार किरणांचा. वाटेच्या दोन बाजूंना दोन खांब उभे करतात. एकाकडून दुसऱ्याकडे डोळ्यांना न दिसणारा किरण जातो. तो तुटला की घंटा. वाट रुंद असेल किंवा अंगणाची संपूर्ण बाजू राखायची असेल, तर हा उत्तम. घेताना दुहेरी किरणांचा घ्यावा. दोन्ही किरण एकदम तुटले तरच तो वाजतो, त्यामुळे पाखरू आडवे गेल्याने झोपमोड होत नाही. मात्र खांब हलला, गवत वाढले किंवा दाट धुके पडले, की तो त्रास देतो. महाबळेश्वर, पाचगणी, जावळीकडील बांधवांनी धुक्याचा विचार करूनच तो घ्यावा.

चौथा प्रकार रबरी नळीचा. नळी वाटेवर आडवी टाकतात. चाक वरून गेले की आतली हवा दाबली जाते आणि तिच्या टोकाचे बटण दाबले जाते. मोटारसायकलही तिच्यावरून गेल्याशिवाय राहत नाही. रचना साधी, दुरुस्ती सोपी. पण ट्रॅक्टरच्या वजनाखाली नळी लवकर झिजते आणि डोळ्यांना दिसत असल्याने जाणता माणूस ती चुकवू शकतो.

ज्यांना गाडी आणि माणूस दोन्हींची चाहूल हवी, त्यांनी वाटेच्या तोंडाशी लोखंड ओळखणारी कांडी आणि घराजवळ उष्णतेचा सेन्सर अशी जोडी बसवावी. एकाच पेटीवर दोन सेन्सर आणि दोन निराळे आवाज अशी सोय काही संचांत असते. पहिला आवाज आला तर गाडी, दुसरा आला तर माणूस. अंथरुणातच उलगडा होतो.

अंतर, ऊस आणि पत्रा

सेन्सर घरापासून किती दूर असावा? साधा हिशेब करा. तासाला २० किलोमीटर वेगाने येणारी गाडी १०० मीटर अंतर १८ सेकंदांत तोडते. चालत येणाऱ्या माणसाला तेवढ्यालाच सव्वा मिनिट लागते. उठून दिवा लावायला आणि दाराची कडी पाहायला निदान अर्धा मिनिट तरी हाती हवे. म्हणून गाडीसाठीचा सेन्सर जमेल तितका लांब, पण आपल्याच हद्दीत बसवावा. सार्वजनिक रस्त्याकडे त्याचे तोंड नसावे.

बिनतारी संचाच्या खोक्यावर छापलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते, हे विसरू नये. आपल्याकडे मैदान मोकळे राहत नाही. लागणीच्या वेळी जिथून संदेश घरापर्यंत स्वच्छ पोहोचतो, तिथेच ऊस डोक्याच्या वर गेल्यावर तो अडखळतो, कारण हिरव्या पिकातील पाणी लहरी शोषून घेते. पाऊस पडून पीक ओले झाले की आणखी फरक पडतो. आडसाली ऊस तर दीड वर्षाच्या आसपास उभा राहतो. म्हणून गरजेच्या किमान दुप्पट अंतर सांगणारा संच घ्यावा आणि ऊस वाढल्यावर पुन्हा तपासून पाहावा. घंटेची पेटी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये. पत्रा लहरींना अडवतो. वाटेच्या बाजूच्या खिडकीत ती ठेवावी.

तारेचा संच घ्यायचा असल्यास केबल पीव्हीसी पाइपातून, नांगराच्या फाळाला लागणार नाही इतकी खोल न्यावी. वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा लांब तारेतून झटका येऊन यंत्र जळू शकते. त्यासाठी संरक्षक बसवून घ्यावा.

उष्णतेचा सेन्सर बसवताना तो वाटेच्या कडेला असा लावावा, की येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. उंची तीन-चार फूट ठेवावी आणि भिंगाच्या खालच्या भागावर काळी चिकटपट्टी लावावी, म्हणजे कुत्री-मांजरे बरीचशी सुटतात. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे तोंड नको. बोकडांच्या गोठ्याकडे तर मुळीच नको.

पाऊस, पूर आणि वीज

दोन जिल्हे शेजारी असले तरी हवामान एक नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, आटपाडी, जतकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. यंत्रावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीपासूनचा आणि दुसरा पाण्यापासूनचा बचाव सांगतो. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. दुष्काळी पट्ट्यात एवढे पुरे. पाटण, जावळी, शिराळा भागात, आणि कांडी जमिनीत पुरायची असेल तर सर्वत्र, आयपी ६७ किंवा त्याहून वरचे घ्यावे.

कृष्णा आणि वारणेच्या काठच्या बांधवांना २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आठवत असतील. तिथे सेन्सर काढता येईल अशा पकडीवर बसवावा आणि पाणी चढू लागले की सोडवून घ्यावा.

वीज गेल्यावर घंटा बंद पडत असेल तर ती घेऊच नये. अंधाराच्याच वेळी तिची गरज असते. पेटीत स्वतःची बॅटरी असावी किंवा ती इन्व्हर्टरवर जोडावी. सेन्सरचे सेल दर सहा महिन्यांनी, आठवण राहील अशा ठरावीक वेळी तपासावेत.

मोबाइलवर चित्र दाखवणारे कॅमेरे आता पुष्कळ झाले आहेत. त्यांचा उपयोग आहेच, पण ते झालेली गोष्ट नोंदवतात. झोपलेल्या माणसाला उठवण्याचे काम घंटेचे. डोंगराळ खोऱ्यांत मोबाइलची रेंज तुटते, तिथे सिमकार्डाशिवाय चालणारी थेट घंटाच भरवशाची. ऐपत असेल तर दोन्ही असावेत. एकच घ्यायचे तर आधी घंटा.

नातेवाईक परदेशातून संच आणतात, तेव्हा त्यावरील लहरींचा आकडा पाहावा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्याविना खुला झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. अमेरिकेत ९०२ ते ९२८ चा पट्टा खुला आहे. आपल्याकडे त्यातील काही भाग मोबाइल सेवेचा असल्याने तिकडचा तसा संच इथे वापरू नये.

घंटा वाजल्यावर

यंत्र फक्त खबर देते, राखण माणसांनीच करायची असते. घंटा वाजली की बाहेरचा दिवा आतून लागला पाहिजे. त्याचे बटण उशाशी असावे. एकट्याने काठी घेऊन बाहेर धावू नये. पाटण, कराड, शिराळा भागात बाहेर बिबट्याही असू शकतो. शेजारच्या दोन वस्त्यांशी आधीच बोलून ठेवावे, गावात ग्रामसुरक्षा दल असेल तर त्यांना कळवावे, आणि संशय आल्यास ११२ क्रमांकावर पोलिसांना फोन करावा. राखणीच्या नावाखाली कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा विचारही मनात आणू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात जीव जातो तो बहुधा निरपराध माणसाचा किंवा जनावराचा.

आपल्या वायरमन आणि इलेक्ट्रिशियन तरुणांसाठी यात कामही आहे. संच विकणारे पुष्कळ आहेत. वाट पाहून, चालून, ऊस किती वाढेल याचा अंदाज घेऊन तो बसवून देणारे थोडे. जो बसवून देईल आणि महिन्याने पुन्हा येऊन तपासून जाईल, त्याला एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर बोलावणे येईल.

दुकानात गेल्यावर एवढे विचारावे : हा गाडी ओळखतो की माणूस? उसातून किती अंतर जातो? वीज गेल्यावर किती वेळ चालतो? पाण्याचा अंक कोणता? बंद पडल्यास दुरुस्ती इथेच होते की बाहेर पाठवावा लागतो? आणि शेवटी, आमच्या वाटेवर दोन रात्री लावून पाहायला देता का? जो दुकानदार या शेवटच्या प्रश्नाला होकार देईल, त्याच्याकडूनच पक्के बिल आणि वॉरंटी कार्ड घेऊन खरेदी करावी.