हाताला आलेले व्यंग : कारणे व उपाय

कष्टकरी माणसाचे खरे भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. आम्ही बँकेत काउंटरवर बसतो, तेव्हा पासबुकाबरोबर माणसांचे हातही नजरेस पडतात. शिरढोणचे एक खातेदार उजवा हात पोटाशी धरून येत. मनगट झुकलेले, बोटे तळव्यात वळलेली. शिकलेला माणूस सही न करता डाव्या अंगठ्याचा ठसा का देतो, हे आम्ही एकदा विचारले. लहानपणी जांभळीवरून पडून कोपराजवळ हाड मोडले, कोणीतरी बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून आवळली. पोर रात्रभर रडले. घरचे म्हणाले, "हाड मोडल्यावर दुखणारच!" त्या एका रात्रीने जन्माचे नुकसान केले.

हाताचे प्रत्येक व्यंग जन्मजात किंवा नशिबाचे नसते. वाकडे जुळलेले हाड, भाजणे, तुटलेली नस, उपचाराविना राहिलेला कुष्ठरोग यांमुळेही हात वाकडा होतो. मात्र आवळलेल्या पट्टीने येणारे व्यंग बहुतेक वेळा टाळता येते. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू चिवट आवरणात बांधलेले असतात. मार लागल्यावर आत सूज येते. वरून पट्टी किंवा प्लास्टर घट्ट असेल तर सुजेला जागा उरत नाही आणि रक्तपुरवठा बंद पडतो. साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे दोरीसारखा आखडतो आणि बोटांना आत ओढून धरतो.

म्हणून पुढील खुणा प्रत्येक घरात माहीत असाव्यात :

१) गोळी देऊनही वेदना वाढत जाणे.
२) बोट हळूच सरळ केले तरी कळ येणे.
३) बोटांना मुंग्या, बधिरपणा; बोटे गार, फिकट किंवा निळसर पडणे.

नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. मालीश नको, शेक नको आणि सकाळची वाटही पाहू नये. त्याच रात्री पनवेलचे रुग्णालय गाठून पट्टी वा प्लास्टर सैल करून घ्यावे. गरज पडल्यास डॉक्टर आवरणाला छेद देऊन दाब मोकळा करतात. त्याने हात वाचतो.

व्यंग आधीच आले असेल तरी धीर सोडू नये. सौम्य प्रकारात नियमित व्यायाम व आधारपट्टी यांनी फरक पडतो. पुढच्या अवस्थेत आखडलेला स्नायू सैल करणे किंवा चांगला स्नायुबंध दुसऱ्या जागी जोडणे, अशा शस्त्रक्रिया होतात. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक व्यंगाचा दाखला मिळाल्यास सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. दाखला घेण्यात कमीपणा मानू नये.

त्या खातेदारांचा नातू गेल्या उन्हाळ्यात झाडावरून पडला. प्लास्टर झाले, पण रात्री तो विव्हळू लागला. आजोबांनी कोणाचे ऐकले नाही, रिक्षा करून त्याला नेले आणि प्लास्टर कापून घेतले. आज तो त्याच हाताने लिहितो. आजोबांनी आम्हाला त्याची वही आणून दाखविली.

मूल रडत असेल तर त्याला गप्प करू नका. आधी त्याची बोटे पाहा, एवढीच आमची बंधुभगिनींना विनंती आहे.