पोटावर फिरणारं यंत्र आणि पर्लकोटेचा पूल

लेखमाला : बाळंतपण आणि दवाखाना, भाग ७

"मशीन पोटावर फिरवते, बाळाले काही होत नाही ना जी?"

चंद्रपूर-गडचिरोलीत सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसलं की हा प्रश्न कानावर येतोच. विचारणारी बहुधा सासू किंवा आई असते. जिची तपासणी व्हायची, ती गप्प असते. तिला लिटरभर पाणी पाजून बसवलेलं असतं आणि तिचं सगळं लक्ष आपला नंबर कधी लागतो याकडे असतं. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाशय ओटीपोटात खाली असतं. लघवीची पिशवी भरलेली असली की ते नीट दिसतं, म्हणून हे पाणी. खड्ड्यांतून एसटीने आलेल्या बाईला या तपासणीत सोसावा लागणारा खरा त्रास एवढाच, असं मला नेहमी वाटतं.

प्रश्न मात्र हसण्यावारी न्यावा असा नाही. त्याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गरोदर बाईच्या पोटाचा एक्स-रे काढणं ही नेहमीची गोष्ट होती. बाळ आडवं आहे का, जुळं आहे का, हे त्यावरून ठरवत. १९५६ साली ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या आयांकडून माहिती गोळा केली. पोटात असताना एक्स-रे झालेल्या मुलांमध्ये हा आजार जास्त असल्याचं त्यात दिसलं. डॉक्टरमंडळींनी ते चटकन मान्य केलं नाही, त्यात बरीच वर्षं गेली. तेव्हा "डॉक्टर म्हणतात म्हणजे सुरक्षितच" यावर डोळे मिटून विश्वास न ठेवणारी सासू चुकते, असं कसं म्हणायचं? घोटाळा पुढे होतो. आपल्याकडे पुष्कळ दवाखान्यांत एक्स-रे आणि सोनोग्राफी एकाच पॅसेजमध्ये, एकाच पाटीखाली असतात. लोक दोन्हीला "फोटो" म्हणतात आणि एकाची भीती दुसऱ्याला चिकटते.

सोनोग्राफीचा वंश वेगळा आहे. धातूच्या आत तडा आहे का हे शोधायला कारखान्यांत ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात नेल्या आणि तिथल्या यंत्रावर तपासून पाहिल्या. पाण्याची गाठ आणि मांसाची गाठ वेगवेगळी दिसली. जॉन मॅकव्हिकार आणि टॉम ब्राउन या सहकाऱ्यांसह त्यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला आणि तिथून हे यंत्र प्रसूतिविभागात आलं. यात किरणोत्सर्ग कुठेच नाही. डोंगराकडे तोंड करून हाक मारावी आणि ती किती वेळाने परत येते यावरून डोंगर किती लांब ते ओळखावं, तसं हे काम चालतं. फक्त इथली हाक माणसाला ऐकू येत नाही. आपला कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतच ऐकतो आणि पोटावरच्या सोनोग्राफीत साधारण २० ते ५० लाख कंपनं असतात. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. १५ सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. हाक असते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी, उरलेला सगळा वेळ यंत्र ऐकत असतं. साध्या काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत ९९ टक्क्यांहून जास्त वेळ पोटात काहीच सोडलं जात नाही.

तरीही ध्वनी ही ऊर्जा आहे आणि ऊर्जा शोषली गेली की ऊब निर्माण होते. आईबापांनी विचारायचा खरा प्रश्न हा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात ‘टीआय’ या दोन अक्षरांपुढे एक आकडा दिसतो. तो १ असेल तर त्या ठिकाणचं तापमान जास्तीत जास्त अंदाजे एक अंश सेल्सिअसने वाढू शकतं, असा त्याचा हिशेब. नेहमीच्या तपासणीत तो बहुधा एकच्या खालीच राहतो. तापमान दीड अंशापर्यंत वाढलं तर उष्णतेच्या बाजूने काळजीचं कारण नाही आणि चार अंशांची वाढ पाच मिनिटं टिकली तर धोका संभवतो, अशी मर्यादा जागतिक अल्ट्रासाऊंड महासंघाने १९९८ साली आखून दिली.

आता हे आकडे आपल्या मुलखात आणून बघा. एटापल्ली-भामरागडकडे पावसाळ्यात मलेरिया असतोच. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलेला आहे. गरोदर बाईला १०३ फॅरनहाइट ताप चढला म्हणजे तिचं अंग नेहमीपेक्षा अडीच अंश सेल्सिअसने तापलं. पोटातलं बाळ आईपेक्षा जरा गरमच असतं, साधारण अर्ध्या अंशाने. म्हणजे तेही तेवढंच तापलं, सगळंच्या सगळं आणि काही तास. शिवाय मलेरियाचे जंतू वारेत साठतात, बाळाचं वजन घटतं, गर्भ पडूही शकतो. सोनोग्राफीची ऊब एखाद्या बिंदूपाशी, काही सेकंद आणि तीही अंशाच्या भागात. ज्या घरात यंत्राची भीती आहे पण गरोदर सुनेच्या तापाकडे "उतरेल उद्या" म्हणून पाहिलं जातं, तिथे काळजीचा पत्ता चुकलेला आहे. ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्यावं.

दुसरी शंका लहरींच्या धक्क्याची. वायूचे बुडबुडे असलेल्या जागी या लहरी पेशींना इजा करू शकतात, हे खरं आहे. पण न जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसांत आणि आतड्यांत हवा नसतेच. त्यामुळे ही भीती गर्भाच्या बाबतीत जवळजवळ निकालात निघते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडतो, असंही पुष्कळ बायका मानतात. ही तपासणी बहुतेकदा रक्त जायला लागल्यावर होते. पुढे गर्भ पडला तर बोल यंत्राला लागतो. गर्भ धोक्यात होता म्हणूनच यंत्र लावलं, हा क्रम कोणी समजावून सांगत नाही.

एका ठिकाणी मात्र सावधगिरी हवीच. रक्तप्रवाह मोजणारं डॉप्लर एकाच जागी जास्त ऊर्जा सोडतं. पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय ते वापरू नये, वापरलंच तर टीआय एकच्या आत ठेवून पाच-दहा मिनिटांत आटपावं, असं प्रसूती-सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचंच म्हणणं आहे. त्या महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही ठोके दिसतात, मोजताही येतात. नुसतं आई-बाबांना ऐकवायला डॉप्लर लावायची गरज नाही. नर्सबाई पुढच्या महिन्यांत ठोके ऐकायला वापरतात ते हातातलं छोटं यंत्र याहून बरंच सौम्य असतं, त्याचा धसका घेऊ नये. शहरात मोबाइलवर दाखवण्यापुरती बाळाच्या चेहऱ्याची चित्रफीत काढून मागणारे पालक असतात. त्यांना मी स्पष्टच सांगेन, करमणुकीसाठी हे यंत्र नाही.

मग अभ्यास काय सांगतात? ऑस्ट्रेलियात पर्थला २,८३४ बायकांचे दोन गट केले होते. एका गटाची एकदाच सोनोग्राफी झाली, दुसऱ्याची डॉप्लरसह पाच वेळा. १९९३ साली निकाल आला तेव्हा दुसऱ्या गटात कमी वाढीची बाळं थोडी जास्त निघाली आणि जगभर खळबळ उडाली. ती मुलं आठ वर्षांची होईपर्यंत तपासत राहिले. वाढ, बोलणं, वागणूक यांत दोन्ही गटांत फरक उरला नाही. नॉर्वेत मुलग्यांमध्ये डावखुरेपणा किंचित जास्त आढळला, वाचन-लेखनात आणि शाळेतल्या प्रगतीत काही नाही. येल विद्यापीठात २००६ साली उंदरांच्या गर्भावर अर्धा तास ते काही तास लहरी सोडल्यावर मेंदूतल्या थोड्या पेशी आपल्या जागी पोहोचल्या नाहीत. पण उंदराच्या गर्भाचा मेंदू केवढा, आणि एकाच जागी धरून ठेवलेलं यंत्र केवढा वेळ! माणसाच्या तपासणीत हात सतत फिरता असतो.

तरी एक गोष्ट लपवू नये. दीर्घकाळ पाठपुरावा केलेले हे अभ्यास बरेचसे जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रांवरचे आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गर्भतपासणीच्या यंत्रांची कमाल मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉटवरून ७२० वर गेली. टीआयचा आकडा पडद्यावर दिसलाच पाहिजे, ही अट त्याच बदलाबरोबर आली. म्हणून तपासणी गरजेपुरती, कमीत कमी वेळ, हा नियम डॉक्टरांनीच पाळायचा आहे. जागतिक आरोग्य संघटना २०१६पासून २४ आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सुचवते. गुंतागुंत असेल तर जास्त लागतात; सिकलसेल असलेल्या आईच्या बाळाची वाढ पुन्हा पुन्हा बघावी लागते. आणि यंत्र म्हणजे सर्वस्वही नव्हे. गडचिरोलीतच ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या कामात सोनोग्राफीचा वाटा नव्हता.

मग एकदा तरी ती कशासाठी? आपल्याकडे याचं उत्तर नदीपाशी सापडतं. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की तालुका तुटतो, ही पावसाळ्यातली ठरलेली बातमी. ज्या बाईचे दिवस श्रावणात भरतात तिला पाणी चढण्याआधीच अलीकडे आणून ठेवायचं असतं. आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत, हेमलकशाच्या लोक बिरादरीच्या दवाखान्याजवळ किंवा अहेरीला नातलगांकडे. पण दिवस कधी भरणार? शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारी घरं थोडी. "होळीच्या आसपास", "मोह वेचत होतो तेव्हा" अशा खुणांत महिनाभराची चूक सहज होते. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी ही तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगते. आठव्या-नवव्या महिन्यात तोच अंदाज तीन आठवड्यांपर्यंत हुकतो, कारण तोवर प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या चालीने होते. तीन आठवडे म्हणजे कोरड्या रस्त्याने रुग्णवाहिका येणं आणि खाटेवर घालून नाल्यातून नेणं, एवढा फरक. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असेल तर तेही आधी कळतं. अशी बाई घरी बाळंत व्हायला नको. रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच हवी. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाचे अवयव पाहतात. व्यंग गंभीर निघालं तर पुढचा निर्णय घ्यायला वेळ असतो, कायद्याच्या मुदतीही तेव्हा हातात असतात.

इथली अडचण यंत्रापर्यंत पोहोचण्याची आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. तिथले लोक गोदावरी ओलांडून तेलंगणातल्या दवाखान्यांत जातात, ते उगाच नाही. जिवतीच्या पहाडावरची कोलाम बाई चंद्रपूरला येते तेव्हा तिचा आणि सोबत्याचा दिवसाचा रोज बुडतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी जवळ सोनोग्राफी कुठे मिळेल, न्यायला गाडी आहे का, हे आशाताईला आधीच विचारून ठेवावं.

यंत्र गावात का आणत नाहीत? कायद्यामुळे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४चा कायदा १९९६च्या जानेवारीपासून लागू झाला. २०१२च्या नियमांनी हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर कडक बंधनं आली, फिरत्या वैद्यकीय पथकाला तेवढी वाट मोकळी राहिली. २०११च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. गडचिरोली आणि चंद्रपुरात ९५०च्या वर. मुली राखलेल्या मुलखाला मुली गमावलेल्या मुलखाइतकेच कडक नियम लागतात, हे न्याय्य नाही. पण कायदा सैल करा असं मी म्हणणार नाही. पळवाट दिसली की यंत्रं तिकडेच वळतील. नियमांत राहून फिरती पथकं पाठवणं सरकारच्या हातात आहे आणि ते जिल्हा परिषदेच्या सभेत मागायला हवं.

भीतीचा एक उगम याच कायद्यात आहे. दारावर शिक्षेची पाटी, आत किती मुलं-मुली आहेत याची चौकशी, मग फॉर्मवर सही किंवा अंगठा. ऑपरेशनच्या आधीही असाच अंगठा घेतात, मग ही तपासणीही धोक्याची असणार, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. त्या ‘एफ’ फॉर्मवर बाई एवढंच लिहून देते की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही. बाळाच्या जिवाशी त्या अंगठ्याचा संबंध नाही. हे वाक्य सिस्टरने माडियात, गोंडीत, तेलुगूत सांगितलं तर बाकावरची अर्धी कुजबुज थांबेल.

घरी परतताना एक काम करायचं. पहिल्या सोनोग्राफीत मिळालेली बाळंतपणाची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक रिपोर्टावर थोडी वेगळी तारीख छापून येईल, कारण यंत्र त्या दिवशीच्या मापावरून नवा हिशेब मांडतं. त्या तारखांनी पहिली खोडायची नाही. नातलगांना कळवायची, माहेरघराला सांगायची आणि पुलाच्या अलीकडे यायचा दिवस ठरवायचा तो पहिल्याच तारखेवरून.

(पुढच्या आठवड्यात : माहेरघरात राहायला जाताना काय न्यावं, आणि घरच्यांचं काय.)