इंजिन खोलण्यापूर्वी

"कॉम्प्रेशन गेलंय, बाई. इंजिन खोलावं लागेल." ज्याच्या दारात जुनी स्कूटर आहे, त्याने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलेच असते. मीही ऐकले आहे आणि निमूटपणे पैसे मोजले आहेत. परंतु हेच वाक्य मला कॅनडातल्या कॅल्गरी शहरी, माझ्या धाकट्या भावाच्या घरी ऐकायला मिळेल, आणि तेही बर्फावर धावणाऱ्या गाडीसंबंधी, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले. चकल्या-अनारशांचे डबे उघडले, भावजयीने पणत्या लावल्या. पण घराला काही सणाची कळा येईना. भाऊ आणि माझा सतरा वर्षांचा भाचा एकमेकांशी बोलत नव्हते. मीठ हवे असले तरी ते आईमार्फत मागायचे! चौकशी करता कळले, की भांडणाचे मूळ घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभे आहे.

ते मूळ म्हणजे स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे चाकांऐवजी रबराचा रुंद दातेरी पट्टा, आणि मोटारसायकलसारखे हँडल. भावाने ती जुनीच विकत घेतली होती. हिवाळ्यात बापलेक ती ट्रेलरवर घालून डोंगरात नेत. वर्षभर आपापल्या खोलीत राहणाऱ्या त्या दोघांना एकत्र आणणारी ही एकच वस्तू, असे भावजय म्हणाली.

या वाहनाच्या जन्माशीही एका बापाचीच कथा जोडलेली आहे. क्वेबेक प्रांतातल्या वाल्कूर गावी जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए नावाचा हुन्नरी मेकॅनिक राहत असे. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गेलेले. इस्पितळ गाठता आले नाही आणि मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा नाद त्याला पोरवयापासून होताच. आता त्याने तो तडीस नेला. दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचे पेटंट 1937 साली घेतले आणि सात माणसे बसतील अशी गाडी विकायला काढली. डॉक्टर, टपाल, रुग्ण यांची तिने सोय झाली. एकदोघांनी बसायची हलकी 'स्की-डू' आली ती 1959 साली.

भावाची गाडी अर्थातच त्यापेक्षा पुष्कळ पुढची. तीन सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन आणि त्याला टर्बो. डोंगरात हवा विरळ. हवा कमी म्हणजे इंजिनाचा जोर कमी. टर्बोमध्ये बाहेर जाणाऱ्या धुराच्या वेगाने एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते.

आता भांडण. एप्रिलमध्ये बर्फ वितळले, तेव्हा गाडी ठेवून देण्याचे काम भाच्याने केले होते. नोव्हेंबरच्या तोंडाशी पहिले बर्फ पडले आणि गाडी काही केल्या नीट सुरू होईना. झाली तर अडखळे. एका कारखान्यात नेली. त्यांनी तिन्ही सिलिंडरांचा दाब मोजला: 78, 76 आणि 48 पाउंड. "तिन्ही कमी आहेत. इंजिन खोलावं लागेल," असे सांगून त्यांनी जो आकडा काढून दिला, तो माझ्या विमानाच्या तिकिटाच्या तिप्पट होता. भाऊ मुलाला म्हणाला, "तू आत तेल मारलं नाहीस. कामचुकारपणा!" भाचा म्हणाला, "मारलं होतं." त्यानंतर संवाद संपला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फराळाला आले. उभा जन्म शेतावरचे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. दोन चकल्या संपवून त्यांनी ते तीन आकडे वाचले आणि विचारले, "मोजताना थ्रॉटल उघडा होता का? बॅटरी भरलेली होती का?" कुणालाच ठाऊक नव्हते. "मग हे आकडे इंजिनाचे नव्हेत, मोजणाऱ्याचे आहेत," म्हातारबा म्हणाले.

मी वीस वर्षे पेपर तपासते आहे. हे वाक्य मला थेट लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे शेडमध्ये जमलो. पिस्टन वर येताना आतली हवा किती दाबली जाते, ते म्हणजे कॉम्प्रेशन. प्लग काढून त्या भोकात घड्याळासारखे मापक लावायचे आणि स्टार्टरने इंजिन फिरवायचे. पण थ्रॉटल मिटलेला असेल तर आत हवाच जात नाही, मग दाब कुठला? बॅटरी मरतुकडी असेल तर पिस्टन संथ फिरतो आणि हवेला निसटायला सवड मिळते. शिवाय कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, म्हणून तिथे आकडा मुळातच मुंबईपेक्षा कमी येणार. आणि अशा पुष्कळ इंजिनांत सुरू होताना दाब थोडा सोडून देणारी युक्ती बसवलेली असते. म्हणून दुसऱ्या कुठल्या गाडीशी तुलना न करता याच इंजिनाच्या पुस्तकातला आकडा पाहायचा.

"आणि टर्बो बिघडला असेल तर?" भावाने विचारले. म्हातारबांनी मान हलवली. स्टार्टरवर फिरताना धूर नाही, तेव्हा टर्बोचा पंखा काही काम करीत नाही. त्याच्या बिघाडाने हा आकडा पडत नाही.

बॅटरी रात्रभर चार्ज केलेली होती. तिन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला. आकडे आले: 118, 116 आणि 82. पहिली दोन सिलिंडरे पुस्तकाप्रमाणे ठीक होती. तिन्हींचे दुखणे एकाचे झाले.

पुढची परीक्षा तर आपल्या आजीबाईच्या बटव्यातली वाटावी. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. आकडा 110 वर चढला. पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून हवा निसटत असेल, तर तेल ती फट काही क्षण बुजवते. व्हॉल्व्ह गळत असता तर तेलाने फरक पडला नसता. खात्रीसाठी पिस्टन अगदी वर आणून, प्लगच्या भोकातून पंपाची हवा सोडली आणि म्हातारबा डॉक्टरासारखे कान लावून बसले. धुराच्या नळीशी शांत, हवेच्या नळीशी शांत, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडा नाही. इंजिन ऑइल ओतायचे झाकण काढले, तर तिथे स्पष्ट 'सूं' असा आवाज. भाच्याने मलाही ऐकवला. रिंगाच होत्या. बारीक कॅमेरा आत सोडला, तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पुसट तांबूस पट्टा दिसला.

भावाने मुलाकडे पाहिले. पण म्हातारबांचा प्रश्न वेगळाच होता. "उन्हाळ्यात कुणी ही सुरू केली होती का?"

थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, "मी. जुलैत एकदा, ऑगस्टमध्ये एकदा. पाच-पाच मिनिटं. जाम होऊ नये म्हणून."

ही सवय कुठली, ते मला तत्काळ कळले. आमचे नाना पावसाळ्यात दर रविवारी स्कूटर पाच मिनिटे चालू करून बंद करीत, आणि आम्ही दोघे भावंडे पायरीवर बसून पाहत असू.

इंजिन थंड असताना सुरू केले की पेट्रोल जास्त जाते आणि भिंतीवरचे तेल धुऊन काढते. पेट्रोल जळले की पाणीही होते; लिटरभर पेट्रोलामागे जवळजवळ लिटरभर. इंजिन नीट तापले तर ती वाफ निघून जाते, नाहीतर आतच निवते. स्नोमोबाइलचे इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर थंड होते, म्हणून बर्फाविना ते फार वेळ चालवता येत नाही. भाच्याने एप्रिलमध्ये आत तेल मारले होते, धुराच्या नळीत बोळाही घातला होता. बापाने तो काढला, तेल धुऊन टाकले आणि आत ओल ठेवून दार लावले.

उपाय साधा निघाला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल घालून तीन दिवस मुरवले, सकाळ-संध्याकाळ हाताने इंजिन थोडे थोडे फिरवले. मग प्लग न लावताच फिरवून साचलेले तेल बाहेर काढले, कारण ते आत राहिले तर इंजिन मोडू शकते. इंजिन ऑइल बदलले. चौथ्या दिवशी मापक लावले: 112. बाकी दोघांच्या पंगतीला बसण्याजोगे. प्रत्येक वेळी असे स्वस्तात सुटत नाही. भिंत खोल गंजली असती, तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण तेसुद्धा कळून-सवरून खोलले असते.

मापक पुसता पुसता भाऊ म्हणाला, "तू तेल मारलं होतंस."

"हो, बाबा," भाचा म्हणाला. तेवढेच. पण त्या रात्री लोणचे त्याने बापाकडेच मागितले.

आपल्याकडे बर्फ नाही. पावसाळा मात्र आहे, आणि जिन्याखाली महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्या आहेत. त्यांना पाच मिनिटांची घरघर नको. काढायचीच तर अर्धा तास फिरवून चांगली तापू द्यावी, नाहीतर बॅटरी सोडवून कोरड्या जागी स्वस्थ ठेवावी. आणि कुणी "कॉम्प्रेशन गेलंय" म्हणालाच, तर कसे मोजले, एवढे विचारावे.

मी परत आले, तेव्हा सहामाहीचे पेपर टेबलावर होते. एका मुलाचे गुण फारच कमी दिसत होते. लाल पेन उचलण्याआधी मी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली. तिसरा प्रश्न मीच संदिग्ध घातला होता.