माहितीप्रवाहांतील त्रुटी व त्यांचे निवारण

संगणकाकडे येणारी माहिती एकाच वेळी हाती न पडता कालक्रमाने, एकेका घटकाच्या रूपाने येत असेल, तर तिला प्रवाह मानून प्रत्येक घटकास आपोआप प्रतिसाद देणारी आज्ञावली रचता येते. या पद्धतीस रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणतात. प्रवाहाचा उगम, त्यावरील संस्कारांचे टप्पे आणि शेवटचा ग्राहक अशी तिची मांडणी असते.

नेहमीच्या आज्ञावलीत त्रुटी उद्‌भवल्यास ती काम सांगणाऱ्या भागाकडे उलट जाते व तेथे तिची दखल घेतली जाते. प्रवाहाच्या बाबतीत असे घडू शकत नाही. कारण घटक येऊन पोहोचतो तेव्हा प्रवाह जोडून देणाऱ्या भागाचे काम बहुधा केव्हाच संपलेले असते. म्हणून त्रुटी हाच एक संकेत मानून तो प्रवाहाच्या दिशेनेच खाली ग्राहकाकडे धाडला जातो. मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली आणि २००९ मध्ये पुढे आलेली रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स, नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये खुली केलेली आरएक्स-जाव्हा आणि २०१५ मधील रिॲक्टिव्ह स्ट्रीम्स हे प्रमाणक या सर्वांत एकच नियम आढळतो : घटक कितीही येवोत, त्यांच्यानंतर ‘समाप्ती’ किंवा ‘त्रुटी’ यांपैकी फार तर एकच संकेत येतो आणि त्यापुढे काहीही येत नाही.

या नियमाचे परिणाम दूरगामी आहेत. धरणाच्या पाणीपातळीची नोंद दर १५ मिनिटांनी येते व ठराविक पातळीनंतर इशारा दिला जातो, असे समजू. एका संदेशातील अंक बिघडून त्याचे संख्येत रूपांतर झाले नाही, तर केवळ ती नोंद वाया जात नाही. संपूर्ण प्रवाह संपुष्टात येतो. पुढील नोंदी बिनचूक असल्या तरी त्या इशारा देणाऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि पडद्यावर मात्र जुनी, सुरक्षित पातळी दिसत राहते. प्रवाहाच्या अखेरीस त्रुटी झेलून पर्यायी मूल्य दिल्यानेही हा दोष जात नाही, कारण ते मूल्य दिल्यावर प्रवाह संपतोच. प्रत्येक संदेशाचा स्वतंत्र लहान उपप्रवाह करून त्रुटी त्याच्या आतच झेलणे, हा योग्य मार्ग होय. अशा वेळी पर्याय म्हणून शून्य देणे घातक ठरते. ‘नोंद उपलब्ध नाही’ असे स्पष्ट मूल्य द्यावे.

पुनःप्रयत्न हा दुसरा उपाय लोकप्रिय असला तरी त्याविषयी गैरसमज फार आहेत. पुनःप्रयत्न म्हणजे खंडित प्रवाह तेथूनच पुढे चालू करणे नव्हे, तर उगमाशी नव्याने जोडणी करणे. उगम एखादी फाइल असेल, तर ती पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचली जाते. ग्राहक असो वा नसो, मोजमापे पाठवीत राहणारे उपकरण असेल, तर मधल्या काळातील नोंदी हरवतात. पैसे वळते करण्यासारखी क्रिया दोनदा घडल्यास होणारे नुकसान उघड आहे; म्हणून पुनरावृत्तीने परिणाम बदलणार नाही अशा क्रियांपुरताच हा उपाय बिनधोक समजावा. प्रयत्नांची संख्या मर्यादित ठेवून त्यांमधील अंतर १, २, ४, ८ सेकंद असे दुप्पट करीत नेतात व त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवतात. तसे न केल्यास नुकताच सावरणारा सर्व्हर एकाच क्षणी आलेल्या असंख्य मागण्यांनी पुन्हा कोलमडण्याचा संभव असतो. आज्ञावलीच्याच चुकीमुळे उद्‌भवलेल्या त्रुटीवर पुनःप्रयत्न व्यर्थ होत.

ग्राहकाने जोडणी तोडल्यानंतर उद्‌भवणाऱ्या त्रुटींना तर पोहोचण्यास ठिकाणच उरत नाही. २०१६ मध्ये आलेल्या आरएक्स-जाव्हाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या गिळून न टाकता एका सामाईक नियंत्रकाकडे सोपविल्या जातात.

उपकरणाची विद्युत घटमाला संपली, तर त्रुटीचाही संकेत येत नाही. प्रवाह नुसता मूक राहतो आणि ही शांतता सुस्थितीसारखीच भासते. यासाठी प्रवाहावर कालमर्यादा घालतात : वरील उदाहरणात २० मिनिटांत नोंद न आल्यास त्या शून्यतेलाच त्रुटी ठरवून खाली पाठविले जाते.