तिसरा मॉस्फेट उडण्याआधी...

व्हायवाला दोन दिवस उरलेत, जर्नलवर सही व्हायचीय आणि ऐनवेळी प्रोजेक्टने मान टाकलीय. इंजिनीअरिंगवाल्यांना यात नवीन काही नाही. मी मास मीडियाची, त्यामुळे हा थरार आजवर फक्त ऐकून होते. यावेळी मात्र रूममेटच्या कृपेने तो समोर बसून बघितला.

तिच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट होता मोटरचा स्पीड कंट्रोल. १२ व्होल्टची डीसी मोटर आणि तिचा वेग कमी-जास्त करणारा एक नॉब. कोडिंग वगैरे काही नाही. सगळी मदार ५५५ टायमरवर. हान्स कामेनझिंड यांनी डिझाइन केलेली ही आठ पायांची आयसी १९७२ पासून बाजारात आहे आणि आजही कॉलेजच्या लॅबमध्ये ठाण मांडून आहे. ती मोटरचा सप्लाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते. चालूचा वेळ जास्त, तर वेग जास्त. बंदचा वेळ जास्त, तर वेग कमी. यालाच म्हणायचं पीडब्ल्यूएम. पण मोटरचा करंट ५५५ला पेलवत नाही, म्हणून मध्ये मॉस्फेट. ५५५ने इशारा द्यायचा, मॉस्फेटने स्विचचं काम करायचं.

सर्किट सुरू झालं. नॉब फिरवला, वेग बदलला, सगळे खूश! पाच मिनिटांत मोटर सुसाट. नॉब कुठेही न्या, फुल स्पीड. मॉस्फेट उडाला होता. नवीन लावला, तोही उडाला.

‘लॅमिंग्टन रोडला रेडीमेड मॉड्यूल मिळतं. तेच डब्यात बसवू, कोण उघडून बघतंय?’ ग्रुपमधल्या एकाने सुचवलं. खरं सांगू? मलाही ते पटलं होतं. रूममेट मात्र गप्प. व्हायवात प्रश्न आला तर उत्तर तिला द्यायचं होतं.

तेवढ्यात लॅबमधले काका आले. ‘तिसरा लावू नकोस. आधीचे दोन का उडाले ते शोध,’ म्हणाले.

त्यांनी मोटर आणि मॉस्फेट दोन्ही काढायला लावलं. मग सप्लाय देऊन मल्टिमीटर ५५५च्या ३ नंबरच्या पायावर. नॉब फिरेल तसं रीडिंग एक-दीड व्होल्टपासून दहापर्यंत चढत गेलं. मीटर डीसीवर सरासरी दाखवतो, म्हणजे ५५५, नॉब आणि कपॅसिटर ठणठणीत. एका रीडिंगमध्ये अर्धं सर्किट संशयातून बाहेर!

मग काढलेल्या मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्समध्ये कंटिन्यूटी तपासली. बीप! आतून शॉर्ट. स्विच कायमचा चालू राहिला, म्हणून मोटर सुसाट.

पण शॉर्ट कशाने? मोटरमध्ये वाइंडिंग असतं. करंट अचानक तोडला की ते व्होल्टेजचा मोठा झटका देतं. त्याला वाट मिळावी म्हणून मोटरला समांतर एक उलटा डायोड लावतात.

‘लावलाय की, काका!’

काकांनी तिथेही मीटर टेकवला. डायोडचा एक पाय ब्रेडबोर्डवर शेजारच्या ओळीत गेला होता. दिसायला लावलेला, प्रत्यक्षात न जोडलेला. दर वेळी झटका थेट मॉस्फेटवर.

पाय एक भोक सरकवला, तिसरा मॉस्फेट बसवला. तासभर मोटर फिरत राहिली. मॉस्फेट गार.

व्हायवात मॅडमनी नेमकं विचारलं, ‘डायोड कशाला?’ रूममेटने खिशातून ते दोन उडालेले मॉस्फेट काढून टेबलावर ठेवले आणि बोलायला सुरुवात केली.

तुमचंही सर्किट अडलंय?

• मोटर फिरत असताना सप्लाय मोजा. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी लोड आला की बसते.

• मोटरच्या जागी १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. नॉबने उजेड बदलला, तर कंट्रोल ठीक आहे.

• डायोडची पट्टीवाली बाजू प्लसकडे.

• कंटिन्यूटी नेहमी सप्लाय बंद करूनच तपासा.

• घरच्या पंख्याचा रेग्युलेटर २३० व्होल्टवर चालतो. हे प्रयोग त्याच्यावर नकोत!