काठी: आधी आधार, मग हत्यार



आजचा विषय काठी. आमच्या वयाच्या माणसांना ती नकोशी वाटते. काठी हातात घेतली म्हणजे म्हातारपण कबूल केलं, असं समजून लोक भिंत धरधरून चालतात आणि एक दिवस पडतात. म्हणून आधी अशा एका काठीबद्दल सांगतो, जी तरुणांनी मिरवली.

आयर्लंडमध्ये तिला शिलेली म्हणतात. ती ओकची किंवा ब्लॅकथॉर्नची असते. ब्लॅकथॉर्न हे आलुबुखाऱ्याच्या कुळातलं काटेरी झुडूप, शेताच्या कुंपणाला वाढणारं. काठी तोडली की लगेच वापरत नसत. तिला लोणी किंवा चरबी फासून चुलीच्या धुराड्यात ठेवत. महिनोन्‌महिने धूर खाऊन ती काळी व्हायची आणि न तडकता वाळायची. वरच्या टोकाला गाठ. काहीजण ती गाठ पोखरून आत शिसं ओतत. रोज चालताना आधार तीच आणि प्रसंगी हत्यारही तीच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या जत्रांमध्ये दोन गटांच्या मारामाऱ्या याच काठ्यांनी होत. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश पलटणींचे अधिकारी आजही ब्लॅकथॉर्नची काठी बाळगतात. तिथे कोणी त्यांना म्हातारं म्हणत नाही!

आपल्याकडेही काठीला मान आहेच. फौजेत कवायत शिकवणाऱ्या उस्तादाच्या बगलेत पेस स्टिक असते. ती कंपाससारखी उघडून ३० इंचांचं पाऊल मोजतात. महाराष्ट्रात लाठीकाठी आहे, तसं इथे तमिळ मुलखात सिलंबम. पोंगलला आणि देवळांच्या उत्सवांत मुलं-मुली बांबूची काठी गरगर फिरवतात. ही काठी ज्याची त्याच्या मापाची घेतात, साधारण कपाळापर्यंत येईल अशी. दुसऱ्याच्या मापाची काठी घेऊन खेळता येत नाही.

नेमकी हीच गोष्ट आपण आधाराची काठी घेताना विसरतो. वडिलांची काठी कोपऱ्यात असते, तीच उचलतो. तसं करू नका. चपला घालून ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ आली पाहिजे. धरल्यावर कोपर किंचित वाकेल. काठी उंच झाली तर खांदा वर ओढला जातो, बुटकी झाली तर कंबर वाकते.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, आणि काठी व दुखरा पाय एकदमच पुढे. जिना चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.

शिलेलीची गोल गाठ दिसायला रुबाबदार, पण सगळा भार तळहातावर एकाच जागी येतो. ज्यांना बराच भार टाकायचा आहे त्यांनी आडवी मूठ घ्यावी. खाली रबरी टोपी हवीच. तिच्या खाचा झिजल्या की ती बदला. बृहदीश्वराच्या आवारातली फरसबंदी ऐन पावसात, ऑक्टोबर ते डिसेंबर, किती निसरडी होते हे इथल्यांना सांगायला नको.

पडून मांडीचं हाड मोडलं तर महिनोन्‌महिने सावरण्यात जातात. त्यापेक्षा काठी धरलेली बरी. या आठवड्यात घरातल्या काठीचं माप तपासा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!