गाड्यांचे फोटो काढायला कॅमेरा घेताय?

शेळ्या, शिलाई मशीन, पापड यांची चर्चा आपल्या बैठकांत नेहमीच होते. आमच्या गटात यंदा चर्चा झाली ती कॅमेऱ्याची, आणि तोही गाड्यांचे फोटो काढायचा कॅमेरा. गावातली माणसं हसली. हसू द्या.

सुरुवात एका पिकअपपासून झाली. गटातल्या एका ताईंच्या घरी आजारपण निघालं, दवाखान्याच्या कर्जापायी दारातली पिकअप विकायला काढली. मुलानं भर दुपारी गोठ्यापाशी, अगदी जवळ उभं राहून मोबाइलवर फोटो काढले आणि पाठवून दिले. फोटोत गाडीचं नाक फुगलेलं, मागचा हौदा आखडलेला, बोनेटवर नुसती चकाकी. व्यापाऱ्यानं ते पाहून जो भाव सांगितला, तो ऐकून ताई रडायच्याच बाकी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही चौघी गेलो. गाडी धुतली, खळ्यावर मोकळ्या जागेत उभी केली. मोबाइल तोच, पण पंधरा पावलं मागं सरकलो आणि दोनपट झूम करून फोटो काढले. डाव्या दारावर पोचा होता. तो झाकला नाही, त्याचाही वेगळा फोटो पाठवला. तीन गिऱ्हाइकं बघायला आली आणि गाडी पहिल्या भावापेक्षा पस्तीस हजारांनी जास्त गेली.

असं का झालं ते समजून घ्या, कारण कॅमेरा निवडताना हेच कामी येतं. मोबाइलची लेन्स पसरट असते, थोड्या जागेत पुष्कळ काही मावेल अशी. तिनं जवळून फोटो काढला की जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान येतो. हात लांब करून काढलेला सेल्फी आठवा, नाक केवढं दिसतं! गाडीचंही तसंच. लांब उभं राहून झूम केलं की गाडी डोळ्याला दिसते तशी येते. म्हणून गाडीसाठी लेन्स आणि अंतर आधी पाहावं, मेगापिक्सेल नंतर. फोटो मोबाइलवरच बघायचा असेल, तर १२ मेगापिक्सेलही भरपूर होतात.

पिकअपची गोष्ट पसरली आणि माणसं विचारू लागली. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची जुनी कार. दसऱ्याला नव्या गाडीची पूजा, पोहरादेवीला दर्शनाला आणलेली नवी गाडी, त्यांचेही फोटो लोकांना हवे असतात. पण आम्ही लगेच कॅमेरा घेतला नाही. आधी तीन महिने मोबाइलवरच काम केलं आणि वहीत नोंद ठेवली. एका गाडीचे ३०० रुपये घेतले. १८ हजार खर्च झाला तर तो ६० गाड्यांनी फिटतो. वर्षात तेवढ्या गाड्या मिळतील, असं वही सांगू लागली तेव्हाच गटातून अंतर्गत कर्ज काढलं. वही नसती तर आम्ही नव्या कॅमेऱ्याच्या हप्त्यात अडकलो असतो, हे कबूल करतो.

आम्ही जुना डीएसएलआर शोधला. २०१४ साली आलेले कॅनन १२००डी किंवा निकॉन डी३३०० यांसारखे कॅमेरे आता जुन्या बाजारात परवडतात. सोबत १८-५५ ची लेन्स असते, तिची ५५ ची बाजू गाडीसाठी बरी. आत प्रकाश टिपणारी पट्टी मोबाइलपेक्षा कितीतरी मोठी असते, त्यामुळे संध्याकाळच्या कमी उजेडातही रंग स्वच्छ येतो.

पहिल्या दुकानात पोरगा म्हणाला, "ताई, एकदम नवाकोरा समजा." आम्ही म्हटलं, "भाऊ, जरा टॉर्च द्या." लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. ती बुरशी. ओलाव्यानं येते आणि काढायला खर्च येतो. तिथून तसंच उठलो. दुसऱ्या ठिकाणी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहिला, काळे ठिपके आहेत का म्हणून. शटर किती वेळा उडालं तेही विचारा. साध्या कॅमेऱ्याचं शटर लाखभर फोटो टिकतं, असं धरून चालतात. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच सापडतो, कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बॅटरी, चार्जर आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

उरलेल्या पैशांतून दुसरी लेन्स घेण्यापेक्षा पोलरायझर फिल्टर घ्या, असं आमचं मत. लेन्सच्या तोंडावर तो बसवून गोल फिरवला की काचेवरचं आभाळ आणि रंगावरची चकाकी कमी होते, गाडीच्या आतलं सीटसुद्धा दिसतं. लेन्सवर गोलाला काट मारलेल्या खुणेपुढे आकडा असतो, ५२ किंवा ५८ असा. त्याच मापाचा फिल्टर घ्यायचा. आम्ही घाईत चुकीच्या मापाचा आणला होता. बदलून घ्यायला वाशीमला पुन्हा चक्कर पडली, भाडं अंगावर.

आणखी एक गंमत. पांढरी गाडी फोटोत मळकट येते आणि काळी फिकट, कारण कॅमेरा सगळंच मध्यम करायला बघतो. अधिक-उणेचं बटण असतं. पांढऱ्या गाडीला अधिक १, काळ्या गाडीला उणे १ करून पाहा.

समृद्धी महामार्गावर फोटो छान येतील, असं पोरं सुचवतात. तिथं गाड्या केवढ्या वेगानं जातात! फोटोसाठी तिथं गाडी थांबवायचीच नाही. आपलं खळं, शाळेचं मैदान, गावाबाहेरची मोकळी जागा पुरेशी आहे.

तेलंगणात पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या शेतकरी बाया आहेत. त्यांतल्या कित्येक शाळेत गेलेल्या नाहीत, तरी त्या व्हिडिओ कॅमेरा चालवून फिल्म बनवतात. आमच्या गटात सध्या दोघी जणी कॅमेरा चालवतात, तिसरी शिकते आहे. पावसाळ्यात तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवतो, आणि डब्याची किल्ली दर महिन्याला दुसरीकडे जाते. आतापर्यंत ४१ गाड्या झाल्या, १९ बाकी आहेत.